हॅमस्टरच्या फुप्फुसात पाचव्या दिवशी काय दिसतं?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात घरोघरी एक आकडा तोंडी बसला होता, एचआरसीटी स्कोअर. ‘पंचवीसपैकी किती आला?’ हे फोनवरचं पहिलं वाक्य असायचं. नऊ आला तर हुश्श, अठरा आला तर बेडची शोधाशोध. या आकड्यातून एवढंच कळतं, की फुप्फुसाचा किती भाग सीटी स्कॅनमध्ये पांढुरका दिसतोय. तो पांढरेपणा पाण्याचा आहे, मेलेल्या पेशींचा आहे, की आपल्याच शरीराने लढायला पाठवलेल्या पांढऱ्या पेशींच्या गर्दीचा, हे स्कॅन सांगत नाही. आणि ती नासधूस विषाणूने केली की आपल्या प्रतिकारशक्तीने, हे तर त्यातून अजिबात कळत नाही. उपचार मात्र नेमके याच उत्तरावर अवलंबून असतात. विषाणू माजलेला असेल तर त्याला रोखणारं औषध हवं, आणि प्रतिकारशक्ती पिसाळली असेल तर तिला आवर घालणारं.

हे बघायचा सरळ मार्ग म्हणजे रोज फुप्फुसाचा छोटा तुकडा काढून तपासणं. जिवंत रुग्णावर ते करता येत नाही. शवविच्छेदनात फक्त शेवटचा दिवस दिसतो, त्याआधीच्या पंधरा दिवसांत काय कशानंतर घडलं हे त्यात हरवलेलं असतं. शिवाय रुग्णाला लागण नेमकी कधी झाली, किती विषाणू आत गेला, आधीची दुखणी काय होती, यातलं काहीच पक्कं माहीत नसतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांची गरज इथे पडते. लागणीची तारीख, वेळ, मात्रा सगळं माहीत असलेला एक गट घ्यायचा आणि ठरलेल्या दिवशी त्यातल्या काही प्राण्यांची फुप्फुसं तपासायची.

आधी फुप्फुसात मोडण्यासारखं काय असतं ते बघू. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त आणि मधली भिंत एक मायक्रॉनहूनही पातळ. या भिंतीवर दोन जातींच्या पेशी असतात. पहिल्या जातीच्या पेशी चपट्या, पसरट. वायुकोशाचा ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला असतो आणि प्राणवायू त्यांच्यातूनच पलीकडे जातो. दुसऱ्या जातीच्या पेशी गोलसर आणि कोपऱ्यात बसलेल्या. त्यांच्याकडे दोन कामं असतात. एक म्हणजे सर्फॅक्टंट नावाचा तेलकट पदार्थ तयार करणं. तो नसेल तर ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटतात तसा वायुकोश मिटून बसतो. दुसरं काम म्हणजे पहिल्या जातीच्या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या घडवणं.

फ्लूचा विषाणू असो की कोरोनाचा, खोल फुप्फुसात उतरला की तो या दुसऱ्या जातीच्या पेशींना गाठतो. म्हणजे कारखाना आणि दुरुस्ती खातं एकदमच बंद. भिंत गळायला लागते, रक्तातलं पाणी आणि प्रथिनं वायुकोशात झिरपतात, मेलेल्या पेशींचा चुरा त्यात मिसळतो आणि भिंतीला आतून एक गुळगुळीत थर चढतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो चकचकीत गुलाबी दिसतो. आयसीयूत ‘एआरडीएस’ हा शब्द कानावर पडतो, तेव्हा बऱ्याचदा आत हे चित्र असतं.

आता हॅमस्टर. हा उंदरासारखा छोटा प्राणी मूळचा सीरियातला. जेरुसलेममधल्या सॉल ॲडलर या संशोधकांना काळा आजारावर काम करायला प्राणी हवा होता, म्हणून १९३० साली इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली. जगभरच्या प्रयोगशाळांतले आणि पेटशॉपमधले जवळपास सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या कुटुंबाचे वंशज आहेत. नव्वद वर्षांनी, २०२० च्या सुरुवातीला, हाँगकाँगच्या संशोधकांनी दाखवून दिलं की कोरोना विषाणू या प्राण्याच्या पेशींवरच्या एसीई-२ या दाराला व्यवस्थित चिकटतो, जनुकांत कसलाही बदल न करता.

लागण झालेल्या तरुण हॅमस्टरचा दिनक्रम साधारण असा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फुप्फुसातला विषाणू शिगेला पोचतो. तरी त्या दिवशी फुप्फुस बाहेरून पाहिलं तर फार काही बिघडलंय असं वाटत नाही. पाचव्या ते सातव्या दिवसांत चित्र पालटतं. एरवी हलकं, स्पंजासारखं असणारं फुप्फुस जागोजागी घट्ट, गडद लाल होतं. वजन दहा टक्क्यांच्या वर घसरलेलं असतं. आणि गंमत अशी की सातव्या दिवशी त्याच फुप्फुसात जिवंत विषाणू शोधायला गेलं तर जवळपास सापडतच नाही. चौदाव्या दिवसापर्यंत वजन परत आलेलं असतं आणि फुप्फुसात दुरुस्तीची कामं जोरात चालू असतात.

फुप्फुस सर्वांत वाईट अवस्थेत असतं तेव्हा विषाणू निघून चाललेला असतो. मग उरलेली मोडतोड कोणाची? बरीचशी आपल्याच सैन्याची. विषाणू मारायला आलेल्या न्यूट्रोफिल पेशी जी रसायनं सोडतात, ती आजूबाजूच्या भिंतीही जाळतात. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचे निकाल आले. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. हा पुरावा माणसांवरच्या चाचणीतून आला, हॅमस्टरमधून नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण लवकर दिलं तर उपयोग नाही आणि उशिरा दिलं तर जीव वाचतो, या वरवर विचित्र वाटणाऱ्या निकालामागे काय चाललं असावं, हे हॅमस्टरच्या पाचव्या दिवसाकडे बघितलं की लक्षात येतं.

१९१८ च्या फ्लूची गोष्टही याच जातीची. ती साथ भारतात मुंबईच्या बंदरातून शिरली आणि तिने देशभरात कोट्यवधी बळी घेतले. अलास्कात गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका मृतदेहातून आणि जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतून त्या विषाणूची जनुकं वाचली गेली आणि २००५ मध्ये अमेरिकेत तो विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा उभा केला गेला. २००७ मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत माकडांना त्याची लागण केली. प्रयोग २१ दिवस चालवायचा बेत होता. माकडांची अवस्था बघून तो आठव्या दिवशीच थांबवावा लागला. फुप्फुसं रक्तमिश्रित पाण्याने भरली होती, आणि साध्या फ्लूत वर चढून पुन्हा खाली येणारी प्रतिकारशक्तीची सुरुवातीची लाट इथे भलतीकडेच गेली होती. तरणीताठी माणसं त्या साथीत का दगावली, या जुन्या कोड्याचा निदान एक धागा त्यातून हाती आला.

हे सगळं प्रत्यक्षात बघतात कसं? त्यातले दोन बारकावे सांगतो, कारण बातम्यांत ते कधीच येत नाहीत. पहिला थेंबाचा. उंदराला भूल देऊन नाकावर विषाणूचा थेंब ठेवतात, तो श्वासाबरोबर आत ओढतो. थेंब दहा मायक्रोलिटरचा असेल तर बराचसा विषाणू नाकातच राहतो आणि पडसं होतं. पन्नास मायक्रोलिटरचा असेल तर तो थेट फुप्फुसात उतरतो आणि न्यूमोनिया होतो. विषाणू तोच, उंदीर तोच, मात्राही हवी तर तीच. फक्त पाणी जास्त, आणि आजार वेगळा.

दुसरा बारकावा फुप्फुस काढल्यानंतरचा. छाती उघडली की फुप्फुस आपोआप आक्रसतं. तसंच कापलं तर निरोगी वायुकोशही दाटीवाटीने चिकटलेले दिसतील आणि आजार नसताना आजार वाटेल. म्हणून श्वासनलिकेतून हळूहळू फॉर्मॅलिन सोडून फुप्फुस आतून फुगवतात आणि तशाच अवस्थेत पक्कं करतात. मग मेणात बसवून अतिपातळ काप घ्यायचे, गुलाबी-जांभळे रंग चढवायचे आणि काच पॅथॉलॉजिस्टसमोर ठेवायची. त्याला कुठली काच कुठल्या गटाची हे सांगायचं नाही. तो भिंतीची जाडी, गळलेलं पाणी, पेशींची गर्दी, श्वासनलिकांच्या अस्तराची पडझड अशा एकेका गोष्टीला गुण देतो. सगळे गुण देऊन झाले की मगच गट उघड करायचे. एचआरसीटी स्कोअरचाच हा भाऊ म्हणा, फक्त पेशीपर्यंत पोचलेला.

प्राणी वापरावेच कशाला, असं कोणी विचारलं तर मी आरएसव्हीच्या लशीची गोष्ट सांगतो. आरएसव्ही हा तान्ह्या बाळांच्या छातीत कफ आणि धाप आणणारा विषाणू. गंमत म्हणजे तो पहिल्यांदा सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, अमेरिकेत, १९५० च्या दशकाच्या मध्यात. १९६० च्या दशकात त्यावर लस आली, फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची. पोलिओची साल्क लस अशाच पद्धतीने तयार झाली होती, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. पण ही लस घेतलेल्या बाळांना नंतर खरोखरच्या आरएसव्हीची लागण झाली तेव्हा एका चाचणीत लागण झालेल्यांपैकी ८० टक्के बाळांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. तुलनेच्या गटात हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली. लशीने रक्षण तर केलं नाहीच, उलट आजार भडकवला.

असं का झालं, हे त्या बाळांकडून कळणं शक्य नव्हतं. उत्तर मिळायला वीसेक वर्षं लागली आणि ते मिळालं ते कॉटन रॅटमध्ये. हा अमेरिकेत आढळणारा, चावरा, हाताळायला त्रासदायक उंदीर आहे. त्याला आरएसव्हीची लागण होते आणि फुप्फुसात बदलही दिसतात. १९८६ मध्ये ग्रेगरी प्रिन्स आणि सहकाऱ्यांनी त्याला तीच जुन्या पद्धतीची लस टोचून मग विषाणू दिला, आणि फुप्फुसातली तीच बिघडलेली स्थिती समोर उभी राहिली. पुढे उंदरांवरच्या कामातून उलगडा होत गेला. फॉर्मॅलिनने विषाणूच्या प्रथिनांचा आकार बिघडला होता. त्यामुळे शरीराने केलेल्या अँटिबॉडी विषाणूला चिकटायच्या पण अडवू शकायच्या नाहीत, आणि प्रतिकारशक्तीला ॲलर्जीच्या वळणाची चुकीची सवय लागत होती. याच कॉटन रॅटने पुढे चांगली बातमीही दिली. पॅलिव्हिझुमॅब हे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आरएसव्हीपासून वाचवणारं अँटिबॉडीचं इंजेक्शन १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि माणसांपर्यंत जाण्याआधीची त्याची भिस्त मुख्यतः कॉटन रॅटवर होती.

तेव्हापासून श्वसनाच्या कुठल्याही विषाणूवर लस आली की संशोधक दोन प्रश्न विचारतात. लस वाचवते का? आणि वाचवत नसेल तेव्हा फुप्फुस आणखी बिघडवत तर नाही ना? पुण्यात २०२० साली झालेलं काम या दुसऱ्या प्रश्नामुळे महत्त्वाचं ठरतं. कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला, म्हणजे एनआयव्हीला, ऱ्हीसस माकडं हवी होती. लॉकडाऊन चालू, आणि वस्त्यांमधलं खाणं बंद झाल्यामुळे माकडंही नेहमीच्या जागा सोडून पांगलेली. वनविभागाच्या मदतीने शोधाशोध करून ती अखेर नागपूरकडे सापडली. वीस माकडं, पाच-पाचचे चार गट. तीन गटांना लशीचे वेगवेगळे प्रकार, एका गटाला लशीशिवायचं इंजेक्शन. दोन डोस चौदा दिवसांच्या अंतराने आणि पहिल्या डोसनंतर अठ्ठाविसाव्या दिवशी विषाणूची लागण. लस न मिळालेल्या माकडांच्या फुप्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा दिसल्या, लस मिळालेल्यांच्या कापांत त्या नव्हत्या. आरएसव्हीसारखं उलटं झालेलं नाही, ही दिलाशाची गोष्ट त्या काचांनीच सांगितली.

आता या प्राण्यांच्या खोड्या. खोड्याच म्हणायला हव्यात, कारण प्रत्येक प्राणी कुठे ना कुठे फसवतो.

उंदीर सर्वांत सोयीचा. स्वस्त, भरभर वाढणारा, आणि त्याची जनुकं हवी तशी बदलता येतात. पण फ्लू झाला तरी तो शिंकत नाही, खोकत नाही आणि माणसातून आलेले बरेचसे फ्लूचे विषाणू त्याला सुरुवातीला लागतच नाहीत. मग विषाणू एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरवून त्याला उंदराची सवय लावावी लागते. त्याहून मोठी मेख १९६२ मध्ये झां लिंडेनमान यांना सापडली. विषाणूला रोखणारं जे प्रथिन शरीर स्वतःच तयार करतं, त्या इंटरफेरॉनच्या दोन शोधकर्त्यांपैकी हे एक. इतर उंदीर ज्या मात्रेने मरायचे, ती मात्रा ‘एटूजी’ वाणाचे उंदीर सहज पचवायचे. कारण निघालं एकच जनुक, एमएक्स-१. फ्लूला अडवणारं हे जनुक प्रयोगशाळेतल्या बहुतेक वाणांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या आंतरपैदाशीत मोडून पडलंय. माणसात त्याचा भाऊबंद शाबूत असतो. म्हणजे अनेक दशकं आपण फ्लूमध्ये फुप्फुस कसं बिघडतं हे ज्या उंदरात शिकत होतो, त्याचं एक मोठं कुलूप आधीच तुटलेलं होतं.

कोरोनाच्या वेळी अडचण वेगळी होती. मूळ विषाणू उंदराच्या एसीई-२ ला चिकटतच नव्हता. २००७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात सार्स या आधीच्या कोरोना आजाराच्या अभ्यासासाठी माणसाचं एसीई-२ बसवलेला ‘के-१८’ उंदीर तयार केला गेला होता. सार्स ओसरल्यावर त्याची मागणीही ओसरली. २०२० मध्ये गोठवून ठेवलेल्या शुक्राणूंपासून त्याची पुन्हा पैदास करावी लागली. हा उंदीर कोरोनाने खूप आजारी पडतो, मरतोही. पण त्याच्या मेंदूतही माणसाचं एसीई-२ असल्यामुळे विषाणू तिकडेही जोरात वाढतो आणि बऱ्याचदा मृत्यू मेंदूच्या आजाराने येतो. एखाद्या औषधाने हा उंदीर जगला असं वाचलं, तर ते फुप्फुस वाचल्यामुळे की मेंदू वाचल्यामुळे, हा प्रश्न उरतोच.

फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा लांबुळका प्राणी फ्लूच्या अभ्यासात आला तो योगायोगाने. लंडनच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारावर काम चालू होतं, त्यासाठी फेरेट पाळलेले होते. १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांनी गुळण्या केलेलं पाणी त्यांच्या नाकात घातलं आणि दोन दिवसांत ते शिंकायला लागले. माणसातला फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो असा. पुढे एक फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकला, त्याला फ्लू झाला आणि त्याच्या घशातून तोच विषाणू परत मिळाला. याहून चोख पुरावा कुठला! फेरेटच्या श्वासमार्गात फ्लूच्या विषाणूला चिकटायला लागणारी साखरेची टोकं बरीचशी माणसासारखी आहेत, म्हणून शिंकेतून फ्लू कसा पसरतो हे बघायला तो आजही पहिला. कोरोनात मात्र त्याचं फुप्फुस फारसं बिघडत नाही. म्हणजे फ्लूचा उस्ताद इथे बिनकामाचा.

खरं सांगायचं तर यातला कुठलाच प्राणी आयसीयूतल्या साठीच्या, मधुमेह असलेल्या, बारा दिवस ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णासारखा नाही. हॅमस्टर तरुण, निरोगी, एकाच घराण्यातला. तो दोन आठवड्यांत बरा होतो. माकडंही बहुतांशी सौम्य ते मध्यम आजार दाखवतात. शिवाय प्रयोगशाळेतले उंदीर इतक्या स्वच्छतेत वाढतात की त्यांची प्रतिकारशक्ती मोठ्या माणसापेक्षा तान्ह्या बाळाशी जास्त जुळते. पेटशॉपमधल्या मळक्या उंदरांबरोबर ठेवलं की ती बदलते, हे २०१६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात दिसलं.

प्राण्यांच्या यातनांचा प्रश्न यात बाजूला टाकता येत नाही. आपल्याकडे प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखालची केंद्रीय समिती आणि प्रत्येक संस्थेची नैतिकता समिती यांच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. किती वजन उतरलं की प्राण्याला आणखी त्रास न देता संपवायचं, हेही आधी लिहून द्यावं लागतं. मार्च २०२३ मध्ये केंद्राने औषध चाचण्यांच्या नियमांत बदल करून माणसाच्या पेशींपासून वाढवलेले छोटे अवयव, चिपवरची फुप्फुसं अशा पद्धतींनाही वाट करून दिली. विषाणू पेशीत कसा शिरतो यासाठी त्या उत्तम आहेत, कित्येकदा उंदराहून सरस. पण चिपवर अस्थिमज्जा नसते. पाचव्या दिवशी रक्तातून धावून येणारं सैन्य तिथे बाहेरून आणून सोडावं लागतं, आणि किती सोडायचं हे ठरवायला पुन्हा प्राण्याकडेच बघावं लागतं.

‘प्राण्यांवर औषध यशस्वी’ अशी बातमी आली की मी आधी बघतो, औषध कधी दिलं. बऱ्याच प्रयोगांत ते लागणीच्या आधी किंवा तासाभरात दिलेलं असतं. रुग्ण मात्र दवाखान्यात येतो तो ताप येऊन चार-पाच दिवस झाल्यावर, म्हणजे हॅमस्टरच्या भाषेत विषाणू उतरणीला लागल्यावर. दुसरं बघतो, मात्रा. २०२० मध्ये बेल्जियमच्या ल्युव्हेन विद्यापीठात हॅमस्टरवर दोन औषधं तपासली गेली, दोन्ही आपल्याकडे घरोघरी पोचलेली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा काहीच परिणाम दिसला नाही. फॅविपिराव्हिरने विषाणू कमी झाला, पण फार मोठ्या मात्रेत. दर किलो वजनामागे रोज ६०० ते १००० मिलिग्रॅम, आणि वरच्या टोकाला हॅमस्टरांना औषधाचाच त्रास व्हायला लागला. माणसाला दिली जाणारी मात्रा पहिला दिवस सोडला तर किलोमागे पंचवीस-तीस मिलिग्रॅमच्या घरात. छोट्या प्राण्याचं शरीर औषध भराभर बाहेर टाकतं, म्हणून हे दोन आकडे सरळ एकमेकांपुढे ठेवता येत नाहीत, हेही खरं. पण त्या गोळ्यांची पाकिटं हातोहात संपत होती, तेव्हा हा निबंध प्रसिद्ध झालेला होता आणि त्यातला मात्रेचा तक्ता कोणालाही वाचता आला असता.